दहा फुटांची परीक्षा

टूरिंग बाईकच्या जाहिरातीत रस्ता नेहमी मोकळा असतो. मागे बर्फाचे डोंगर, पुढे चिटपाखरू नाही. आमच्या पिंपळगाव रेणुकाईत हिरव्या मिरचीचा बाजार भरला की असा रस्ता शोधूनही सापडत नाही. मिरचीची पोती, माल भरणारे पिकअप, वजनकाटे, भाव विचारणारी माणसं. आणि या सगळ्यातून दुधाच्या कॅन लटकवून निघालेला दूधवाला. त्याचा पाय जमिनीला लागत नाही. बाईक चालवणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

माझ्याकडे ४११ सीसीची हिमालयन आहे. वजन १९९ किलो. घरातली स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास. साठच्या वेगात हा फरक जाणवतही नाही, कारण वेगात गाडी बऱ्याच अंशी स्वतःच तोल धरते. ती झुकते त्या बाजूला पुढचं चाक आपोआप थोडं वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. वेग माणसाच्या चालीवर आला की ही मदत जवळजवळ संपते. मग तोल आपणच सांभाळायचा. त्यात १५ लिटरची टाकी भरलेली असली की अकराएक किलोचं पेट्रोल उंचावर बसलेलं असतं.

शाळेत स्लो सायकलची शर्यत व्हायची, आठवतं? पाय न टेकता सगळ्यात शेवटी पोचणारा जिंकायचा. मोठ्या बाईकचं गणित तेच. पहिला गिअर, हाफ क्लच, इंजिनला जरासा रेस आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला. इंजिन ओढतं, ब्रेक अडवतो, आणि त्या ताणात गाडी स्थिर राहते. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही. गाडी आतल्या बाजूला झपकन बसते. नजर चाकाजवळच्या खड्ड्यावर नको, जिथे जायचंय तिथे हवी. अरुंद जागेत वळताना गाडी आत झुकू द्यायची, आपण मात्र सरळ बसायचं.

जपानमध्ये खांबांमधून बाईक वळवण्याच्या स्पर्धेला जिमखाना म्हणतात. शब्द आपल्याकडचा, मुंबईच्या मैदानांवरचा. आपल्याकडे मात्र लायसन्सपुरता आठचा आकडा काढला की तो विषय संपतो.

माझा संपत नाही, कारण मागे आई बसते. साडी असल्यामुळे दोन्ही पाय डावीकडे सोडून. तिचं सगळं वजन एका बाजूला येतं, म्हणून मी किंचित उजवीकडे सरकून बसतो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. भोकरदनच्या दवाखान्यातून परतताना रस्त्यावर सत्तरने जायला मला भीती वाटत नाही. बाजारातल्या वळणावर वाटते. दोनशे किलोची गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे झुकली की पायाने थोपवता येत नाही. म्हणून रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात चार विटा मांडून मी तासभर गोल फिरतो. पोरं हसतात. हसू देत.

लेह-लडाखचे फोटो सगळेच टाकतात. किती किलोमीटर झाले, हेही सगळे विचारतात. पोत्यांमधून दहा फूट सावकाश जाताना मागच्या माणसाने तुमचा खांदा घट्ट धरला की नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्यापुरतं मी तेवढंच मोजतो.