मौन कोणते राखावे?

धर्मगुरूच्या टेबलावर रहस्यकथा दिसली की भेटीस आलेल्या मंडळींना थोडे नवल वाटते. वास्तविक पाप, त्याची कबुली आणि न्याय हे विषय आमच्याप्रमाणेच रहस्यकथाकारांच्याही नित्य परिचयाचे आहेत. दिदिए देनँक्स या फ्रेंच लेखकाची १९८४ साली प्रसिद्ध झालेली एक कादंबरी मी ‘मर्डर इन मेमोरिअम’ या इंग्रजी अनुवादातून वाचली आणि मौन या गोष्टीचा मला नव्याने विचार करावा लागला.

कथेचा आरंभ १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसमध्ये होतो. अल्जेरियन लोकांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध त्या दिवशी खरोखरच मोठा मोर्चा निघाला होता. पोलिसांनी तो निर्दयपणे मोडून काढला. कित्येकांची प्रेते सेन नदीत फेकण्यात आली. कादंबरीत त्याच गोंधळात रोजे तिरो हा इतिहासाचा शिक्षक मारला जातो. मोर्चाशी त्याचा काहीही संबंध नसतो. त्याची पत्नी त्या वेळी गरोदर असते. पित्याचे तोंडही न पाहिलेला त्याचा मुलगा बेर्नार मोठा होतो, इतिहासाचाच अभ्यास करतो आणि सुमारे वीस वर्षांनी दक्षिणेकडील तुलूझ शहरात त्याचाही खून होतो.

तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर कादँच्या हळूहळू लक्षात येते की, पिता आणि पुत्र दोघांनीही तुलूझच्या दफ्तरखान्यातील जुने कागद चाळले होते. पिता द्राँसी या पॅरिसच्या उपनगराचा इतिहास लिहीत होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४४ या काळात, तेथे ज्यू लोकांची छावणी होती. सुमारे ६३,००० माणसे तेथून पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे, मुख्यतः आउश्वित्झकडे, धाडली गेली. त्यांत लहान मुलेही होती. तुलूझ भागातून पाठवलेल्या मुलांची संख्या पित्याला विलक्षण वाटली. ती कोणाच्या तत्परतेमुळे वाढली, हे त्या कागदांत होते. पित्याचा अपुरा राहिलेला प्रश्न पुत्राने हाती घेतला, आणि तोच दोघांच्या जिवावर बेतला. मारेकऱ्याचे नाव मी येथे सांगत नाही. वाचकांनी ते स्वतःच शोधावे.

ही केवळ कल्पना नव्हे. मोरिस पापाँ हा युद्धकाळात बोर्दो येथे वरिष्ठ अधिकारी होता, १९६१ साली पॅरिसचा पोलीस प्रमुख होता आणि पुढे मंत्रीही झाला. १९८१ साली एका साप्ताहिकाने त्याच्याविरुद्धचे जुने कागद छापले. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत साहाय्य केल्याबद्दल त्याला २ एप्रिल १९९८ रोजी दहा वर्षांची शिक्षा झाली. कादंबरी त्याच्या चौदा वर्षे आधीची. पापाँने स्वतःच्या हाताने कोणाला मारले नव्हते. त्याने कागदांवर सह्या केल्या होत्या.

तुलूझचे नाव वाचताच मला तेथील आर्चबिशप सालिएज आठवले. अर्धांगवायूमुळे त्यांना धड बोलताही येत नसे. तरी रविवार, २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांचे पत्र धर्मप्रांतातील चर्चमध्ये वाचले गेले. ज्यू हीदेखील माणसेच आहेत, त्यांच्यावर वाटेल तसा अत्याचार करता येणार नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. सरकारी अधिकाऱ्याने त्या पत्राच्या वाचनास मनाई केली होती. ज्यांची वाणी शाबूत होती असे बहुतेक बिशप मात्र जाहीरपणे काही बोलले नाहीत. त्या मौनाबद्दल फ्रान्सच्या बिशपांनी ३० सप्टेंबर १९९७ रोजी द्राँसी येथेच क्षमा मागितली.

मौन पाळणे हा तर माझ्या पाचारणाचाच भाग आहे. पापनिवेदनात ऐकलेला शब्द माझ्याबरोबर कबरीत जाईल. मग ते मौन आणि हे मौन यांत भेद कोणता? पापनिवेदनाचे मौन हे स्वतःहून सत्य सांगावयास आलेल्या माणसाचे रक्षण करते. त्या अधिकाऱ्याचे मौन सत्य सांगण्यास नकार देणाऱ्याचे रक्षण करते आणि त्याची किंमत निरपराध्यांकडून वसूल करते. दिसण्यात दोन्ही सारखी असली तरी पहिले कृपेकडे नेते, दुसरे नव्या पापाकडे. कादंबरीतला दुसरा खून पहिला झाकण्यासाठीच होतो.

आपल्या घरांत खून दडलेले नसतात, हे खरे. तरीही “झाले गेले विसरून जा, मुलांना काही कळू देऊ नका” असे सांगणारी वडीलधारी माणसे धर्मग्रामात मला नेहमी भेटतात. एखाद्या काकाचे नाव घरात कोणी घेत नाही, एखाद्या आत्याचा फोटो भिंतीवर नसतो. हेतू चांगला असतो. परंतु मुलांना काहीतरी झाकलेले आहे एवढे कळतेच. बेर्नारला कळले होते तसेच. फरक इतकाच की, त्याच्याशी बोलणारे घरात कोणी नव्हते.

नोव्हेंबर महिन्यात आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, मृतांची नावे मिस्सात वाचवून घेतो. ज्या नावाविषयी घरात बोलणे टाळले जाते, तेही त्या यादीत घालावे. मुलांनी विचारले, “हे कोण?” तर खरे ते, त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत, घरच्याच माणसाने सांगावे.