धुळाक्षरे

खडवलीला आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग एका श्रद्धावंत कुटुंबाच्या ओटीवर भरत असे. रविवारी कल्याणहून कसाऱ्याची लोकल धरायची, टिटवाळा मागे टाकून खडवलीला उतरायचे. दहाबारा मुले वह्या घेऊन वाट पाहत बसलेली असत. त्यांतील एका नऊ वर्षांच्या मुलाची वही आजही आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी चालू होती. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आम्ही मुलांना लिहून आणावयास सांगितली. त्याच्या वहीत ‘घ’च्या जागी ‘ध’ होता, ‘भ’च्या जागी ‘म’. वेलांट्या भलत्या दिशेला वळलेल्या, शब्द एकमेकांत घुसलेले आणि खोडून खोडून कागदाला भोक पडलेले. आम्ही लाल शाईने ‘आळस’ असा शेरा मारला व तीच प्रार्थना दहा वेळा लिहून आणण्याची आज्ञा केली. प्रार्थनेचीच आपण शिक्षा केली, हे आमच्या ध्यानीही आले नाही.

पुढच्या रविवारी मुलगा आला नाही, त्याची आई आली. म्हणाली, “फादर, रात्री अकरापर्यंत बसला होता हो. चार वेळा लिहून झालं, मग बोटं वळेनात. आता म्हणतो, देवाला माझं अक्षर आवडत नाही, मी कम्युनियन घेणार नाही.”

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पण त्या माउलीपुढे आमची मान खाली गेली. तसेच उठून तिच्या घरी गेलो. मुलाला प्रार्थना तोंडी म्हणावयास सांगितली. त्याने ती न अडखळता म्हटली आणि हळूच विचारले, “फादर, भाकर रोजचीच का मागायची? आठवड्याची एकदम का नाही?” ज्यांची वही सुवाच्य होती, त्यांच्यापैकी कोणालाही हा प्रश्न पडला नव्हता.

अशा मुलांना शिकवणाऱ्या एका सिस्टरांना आम्ही ती वही दाखवली. त्या म्हणाल्या, हा आळस नव्हे; याला डिसग्राफिया, म्हणजे लेखन-अक्षमता म्हणतात. बुद्धी चांगली असते, उत्तर मनात तयार असते. परंतु मनातील अक्षर हाताकरवी कागदावर उतरविणे अशा मुलाला विलक्षण कष्टाचे जाते. दहा वेळा लिहावयास लावणे म्हणजे लंगड्याला पळण्याची शिक्षा देणे होय.

त्यांच्याच सूचनेवरून भातसा नदीची बारीक रेती परातीत पसरली आणि जुन्या धूळपाटीप्रमाणे मुलगा बोटाने अक्षरे गिरवू लागला. रेतीत चूक झाली तर हात फिरवायचा. लाल शाई नाही, भोक नाही. मग जाड पेन्सिल आणि रुंद ओळींची वही आली. एका वेळी दोनच ओळी लिहायच्या, बाकीचे तोंडी सांगायचे.

प्रभू येशूने काही लिहिल्याचे शुभवर्तमानात एकदाच वाचावयास मिळते. तेही जमिनीवर, बोटाने, एका पापी स्त्रीवर धोंडे उगारलेले असताना. संत पौलाने रोमकरांस पाठविलेले पत्र तर्तियस नावाच्या बांधवाच्या हातून लिहिले गेले. गलतीकरांच्या पत्राच्या शेवटी मात्र पौल स्वतःच्या हाताने केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितो, हे तोच सांगतो. लेखनिक घेतला म्हणून पौलाच्या शब्दाचे मोल उणे झाले नाही.

त्या वर्षी मुलाची परीक्षा आम्ही तोंडी घेतली. ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी आम्ही त्याची क्षमा मागितली. तो नुसता लाजला.

पालकहो, आपल्या घरी असे मूल असेल तर छडी उगारू नका, शेजारच्या मुलाच्या वहीशी तुलना करू नका. तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. अधिकृत प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक या सवलती मिळू शकतात. लाजेपोटी पुष्कळ घरे ते मागत नाहीत. त्यात लाज कसली?

आमच्या मुलाने लेखनिक घेऊन दहावीची परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला. निकालानंतर त्याने आम्हांला स्वहस्ते चिठ्ठी लिहिली. अक्षर अजूनही वेडेवाकडेच आहे. ‘घ’चा ‘ध’ एके ठिकाणी झालाच आहे. ती चिठ्ठी आम्ही आमच्या बायबलमध्ये ठेवली आहे. लाल शाईचे पेन मात्र आम्ही पुन्हा हाती धरले नाही.