चिकन अडोबो, शेवग्याचा पाला आणि माझं बीपी



"डॉक्टर, मी वरून मीठ अजिबात घेत नाही, तरी बीपी का वाढतं?" पाचोडच्या माझ्या ओपीडीत हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. याचं उत्तर यंदा मला माझ्याच स्वयंपाकघरात मिळालं.

माझी मुलगी फिलिपिन्समध्ये दवाओला डॉक्टरीचं शिक्षण घेते. सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, "बाबा, आज तिकडचं चिकन अडोबो करते." व्हिनेगर, सोया सॉस, भरपूर लसूण, काळी मिरी आणि तमालपत्र घालून मंद आचेवर शिजवलेलं चिकन म्हणजे अडोबो. फ्रिज नव्हते तेव्हा मांस टिकवण्याची ही तिथली जुनी रीत.

चिकन आणायला निघणार, तेवढ्यात तिने सरावासाठी माझं बीपी मोजलं. १५८/९६!

"दगदग झाली असेल," मी म्हणालो.

"पेशंट असं म्हणाले तर तुम्ही ऐकून घेता का?"

मी गप्प बसलो. एका मोजणीवर निदान करायचं नसतं, म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजलं. सरासरी १४८/९२ आली. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे उच्च रक्तदाब. रोज इतरांचं बीपी मोजणाऱ्या मला स्वतःचं मोजायला कित्येक महिने वेळ मिळाला नव्हता. स्नेही डॉक्टरांना दाखवून गोळी सुरू केली.

मग राहिलेला अडोबो करायला घेतला, पण आधी बाटलीवरचं लेबल वाचलं. एका मोठ्या चमच्यात (१५ मिली) सुमारे ९०० मिलीग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे एका चमच्यात सव्वादोन ग्रॅम. तिच्या कृतीत अर्धा कप, म्हणजे आठ चमचे सॉस होता. मीठ झालं १८ ग्रॅम! आम्ही जेवणारे चौघं, म्हणजे माणशी साडेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. आणि आमच्यापैकी कुणीही वरून चिमूटभरही मीठ घेतलं नसतं!

आम्ही सॉस दोनच चमचे घातला. व्हिनेगर, लसूण, मिरी तेवढीच ठेवली. आंबटपणा असला की कमी मीठही जिभेला पुरतं. अडोबो अळणी लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने 'मोंगो' केलं. फिलिपिन्समध्ये अनेक घरांत हे शुक्रवारी होतं, कारण कॅथलिक लोक उपवासाच्या काळात शुक्रवारी मांस टाळतात. लसूण, कांदा, टोमॅटो परतून त्यात शिजवलेले मूग आणि शेवग्याचा पाला. म्हणजे आपलीच आमटी! तिथे यात खारट फिश सॉस घालतात. आम्ही त्याऐवजी लिंबू पिळलं आणि भाकरीबरोबर खाल्लं. माझी आई म्हणाली, "एवढं शिकायला इतक्या लांब कशाला जायचं?"

जेवताना मी ताटाकडे पाहिलं. ठेचा, लोणचं, पापड. सोया सॉसच्या बाटलीवर निदान आकडा तरी होता. आपल्या बरणीवर तोही नसतो. 'वरून घेत नाही' म्हणताना आपण हे मीठ मोजतच नाही.

म्हणून एवढं करा:

- लोणचं, पापड, ठेचा यांपैकी एका जेवणात एकच, तेही थोडं.
- फरसाण, बिस्किटं, सॉस यांच्या पाकिटावरचं सोडियम वाचा.
- मीठ हळूहळू कमी करा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते.
- 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.
- मीठ कमी केलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

माझं बीपी आता १२८/८० आहे, गोळी आणि कमी मीठ दोन्हींमुळे. तुमचं शेवटचं कधी मोजलं होतं? आठवत नसेल, तर या आठवड्यात मोजून घ्या.