ग्रुयेर, रिव्हेला आणि आई

स्वित्झर्लंडला जाऊन नुसते बर्फातले फोटो काढायचे? छे! आईला घेऊन मी थेट ग्रुयेर स्टेशनवर उतरले. समोरच 'मेझों द्यु ग्रुयेर' ही चीज डेअरी. वरच्या गॅलरीतून खाली तांब्याच्या अवाढव्य कढया दिसतात. सुमारे 400 लिटर दुधातून 35 किलोचं चीजचं एक चाक बनतं! तिकिटाबरोबर कमी-जास्त मुरलेले तीन तुकडे मिळतात. कोवळा एकदम मऊ, दुधाळ. सगळ्यात मुरलेला खारट, आक्रोडाच्या चवीचा, दाताखाली कणीदार. सॉलिड!

आई तुकडा तोंडात टाकणार, तेवढ्यात मला राहवेना. "आई, दूध घट्ट करायला यात वासराच्या जठरातलं रेनेट घालतात." तिनं तुकडा गुपचूप माझ्या हातावर ठेवला. (शाकाहारी मंडळी, चीज घेताना लेबल वाचा.)

मग कॅफेत तिच्यासाठी रिव्हेला मागवलं. 1952 सालचं हे स्विस सॉफ्ट ड्रिंक चक्क दुधाच्या निवळीपासून बनतं. आंबटगोड, थोडंसं जिंजर एलच्या वळणाचं. मला पहिले दोन घोट विचित्रच लागले, तिसऱ्याला जमलं. आई मात्र खूश. घरी पनीरचं पाणी ती कणकेत घालते, आम्ही नाकं मुरडतो.

अर्धी बाटली संपवून तिनं विचारलं, "हे पाणी कुठल्या चीजचं गं?"