टोळीचा हिशेब

संपादकांनी विद्यापीठांच्या प्रवेशअर्जांतल्या एसओपीवर (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हेतुपत्रावर) लेख मागितला, तेव्हा टेबलावर पाथर्डी तालुक्यातल्या एका मुलाचा तिसरा मसुदा होता. आईवडील ऊसतोडीला जातात; त्याला अर्थशास्त्रात एम.ए. करायचे आहे. पहिल्या मसुद्यात दुष्काळ, झोपडीवजा कोपी, बॅटरीच्या उजेडातला अभ्यास आणि शेवटी डॉ. कलाम. सगळे खरे, पण नगरच्या कितीतरी मुलांचे हेच असते. तो मुलगा त्यात सापडेना.

“हे कमी कर,” म्हणालो, तर तो म्हणाला, “सर, गरिबी लिहिली नाही तर फी कशी माफ करतील?”

सगळ्यांचा घोळ इथेच होतो. उत्पन्नाचा दाखला, जमीन, आईवडिलांचे काम यांची माहिती शिष्यवृत्तीच्या अर्जात वेगळी भरायची असते. एसओपी वाचणाऱ्याला कळायला हवे ते हे, की हा विषय या मुलाचा पिच्छा का सोडत नाही आणि त्यापायी त्याने आजवर काय केले. ब्रिटनच्या ‘यूकास’ या प्रवेशसंस्थेने २०२६च्या प्रवेशांपासून सलग निबंध काढून थेट तीन प्रश्न ठेवले: हाच अभ्यासक्रम का, शिक्षणातून तयारी काय झाली, शिक्षणाबाहेर काय केले. मोकळ्या जागा धरून ४,००० अक्षरचिन्हे. अमेरिकेच्या ‘कॉमन ॲप’ या सामायिक प्रवेशअर्जात फार तर ६५० शब्द. एवढ्यात चरित्र मावत नाही. तरी पालक फोनवर विचारतात, “तयार एसओपी मिळेल का?” याचा मला मनापासून त्रास होतो.

हेतू कसा सांगावा, हे दाखवायला मी मुलांना आनंदीबाई जोशींचे १८८३चे पत्र वाचायला देतो. पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिताना प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नसू, हे त्या मान्य करतात. पण हेतू एकच सांगतात: पुरुष डॉक्टरचा हात लागण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांवर उपचार करायचे आहेत. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या.

पाथर्डीच्या त्या मुलाला खोदून विचारत बसलो. तासाभराने तो सहज बोलून गेला, की नववीपासून टोळीचा हिशेब तोच लिहितो. मुकादमाने दिलेली उचल किती, प्रत्येक कोयत्याचे, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याचे, टन किती, खाड्यांचे किती कापले, हंगाम संपून पट्टा पडताना बाकी किती. लागोपाठ तीन हंगाम वडिलांच्या कोयत्याचे टन वाढले, तरी बाकी फिटली नाही. का, हे त्याने वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करून शोधले होते. वही पाहून माझ्या अंगावर काटा आला. दुसरा मसुदा त्या पानावर उभा राहिला. इतका चांगला एसओपी माझ्या हातून क्वचितच गेला असेल.

तिसऱ्या मसुद्यात त्याने खाड्यांचा परिच्छेदच गाळला. मुकादम त्याचा चुलता. “नाव नाही घातलं तरी कळतंच की, सर. बापाला त्यांच्याच टोळीत जायचंय.”

‘खरे तेच लिहा’ असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या खऱ्याचे पैसे तिकडे फडात कुणाच्या हिशेबातून कापले जातील, हे कधी मनात आले नव्हते. परिच्छेद परत घाल, असे म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. त्याच्याविना मसुदा लंगडा आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. तसाच पाठवायचा, असे ठरले.

दिवाळी झाली की टोळी निघेल. यंदा वही धाकट्या बहिणीकडे जाणार आहे. खाड्यांचा रकाना वेगळा कसा आखायचा, ते तो तिला शिकवतो आहे.