दुसऱ्याच्या पाठीआड

एकलहरे म्हटले की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे धुराडी उभी राहतात. नाशिकरोड सोडून पूर्वेला निघाले की ती लांबूनच दिसू लागतात. गोदावरीच्या काठी १९७० च्या सुमारास औष्णिक वीज केंद्र सुरू झाले, वसाहत झाली, शाळा झाली, कोळशाच्या गाड्या येऊ लागल्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसू लागली. जुने दोन संच आता बंद झालेत. २१० मेगावॅटचे तीन राहिलेत. या केंद्राने वीज दिली, राख दिली, नोकऱ्या दिल्या, हे सारे लिहून झाले आहे. त्याने आम्हाला सायकल दिली, हे मात्र कुणी लिहिलेले नाही.

आमचे अब्बा कोळसा हाताळणी विभागात होते. वसाहतीत क्वार्टर मिळेपर्यंत ते देवळालीगावातून सायकलने ये-जा करीत. त्या काळी पाळी सुटली की फाटकातून पन्नास-साठ सायकली एकदम बाहेर पडत. ॲटलस, हिरो, हँडलला डबा, कॅरिअरला घोंगडी किंवा रेनकोट. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थेट छातीवर येई. आठ तास कोळशात राबून आलेल्या माणसाला त्या वाऱ्यातून नाशिकरोड गाठायचे म्हणजे दुसरी पाळीच. म्हणून मंडळी एकामागे एक लागत. धडधाकट माणूस पुढे, त्याच्या पाठीआड दुसरा, त्याच्या मागे तिसरा. पुढचा दमला की बाजूला सरून शेवटी जाई आणि दुसरा पुढे येई. कुणी शिकवले नव्हते, कुणी नियम केला नव्हता. जो रोज मागेच राही आणि आपली खेप कधी घेतच नसे त्याला ‘वाघीण’ म्हणत. कोळशाच्या मालगाडीची वाघीण. ओढायला इंजिन दुसऱ्याचे. म्हातारा, आजारी किंवा नवा पोरगा असेल तर त्याला मात्र कुणी वाघीण म्हणत नसे. त्याला मधे घेत.

आज एवढे सगळे आठवायचे कारण आमचा पुतण्या. तो ट्रायथलॉन करतो. आधी पोहायचे, ओल्या अंगाने सायकलवर बसायचे, सायकल ठेवून धावत सुटायचे, असा हा खेळ. अर्ध्या अंतराच्या शर्यतीत पोहणे १.९ किलोमीटर, सायकल ९०, धावणे २१.१. हे ऐकून आमच्या घरातल्या बायकांनी विचारले, “पैसे किती मिळतात?” पैसे मिळत नाहीत, उलट भरावे लागतात, हे कळल्यावर विषय संपला.

पण नाशिकच्या हवेतच सायकल आहे. २०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलने पार करण्याची शर्यत दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पुरी केली, तेव्हापासून इथल्या पोरांना अंतराची भीती राहिली नाही. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत पहिल्यांदा झाली आणि ज्यासाठी परदेशी जावे लागे ते गोव्यापर्यंत आले. आमचा पुतण्या तेव्हा कॉलेजात होता. तो नाशिकरोडच्या तलावात पोहू लागला, पहाटे ओढ्यावरून सायखेड्याच्या दिशेने सायकल मारू लागला. त्याच्याबरोबर वसाहतीतली आणखी तीन पोरे. त्यांचे सामान सांभाळायला, वेळ मोजायला आणि पाण्याच्या बाटल्या भरायला आम्ही.

या खेळात एक नियम आहे, आणि सारी कथा त्या नियमाचीच आहे. हौशी स्पर्धकाने सायकलवर दुसऱ्याच्या पाठीआड राहायचे नाही. याला ड्राफ्टिंग म्हणतात. सायकलचा वेग वाढला की खरी लढाई हवेशी असते. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो. तासाला ३० किलोमीटरच्या वेगात बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलेल्या माणसाची पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. तीन तास असे वाचवलेले पाय पुढे धावायला ताजे राहतात. म्हणून लांब शर्यतींत तुमच्या पुढच्या चाकापासून पुढच्या स्पर्धकाच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर हवे. त्या पट्ट्यात शिरलात तर २५ सेकंदांत त्याला ओलांडून पुढे जायचे. ज्याला ओलांडले त्याने मागे सरून पुन्हा १२ मीटर सोडायचे. आयर्नमॅनमध्ये पकडले गेलात तर निळे कार्ड आणि पाच मिनिटे तंबूत उभे राहण्याची शिक्षा. तीन निळी कार्डे झाली की शर्यतीतून बाद.

गंमत अशी की हीच गोष्ट दुसऱ्या ठिकाणी गुन्हा नाही. ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये ड्राफ्टिंगला मुभा आहे. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो या मुभेसकटच. सायकलवाल्यांच्या ब्रेव्हे म्हणून लांब फेऱ्या असतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. तिथे शर्यतच नसते आणि एकमेकांना वाऱ्याचा आडोसा देत जाणे ही रीतच आहे. म्हणजे आडोसा घेणे मुळात पाप नाही. अब्बांच्या सायकलींच्या रांगेत ती माणुसकी होती. प्रश्न ठरलेल्या बोलीचा आहे. जिथे ‘आपण वाटून घेऊ’ अशी बोली आहे तिथे आडोसा म्हणजे सोबत. जिथे ‘ज्याने त्याने आपल्या पायावर’ अशी बोली आहे तिथे तोच आडोसा म्हणजे दुसऱ्याच्या घामातला हिस्सा न विचारता उचलणे.

ही बोली कुठून आली हेही पाहिले पाहिजे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा सुरुवातीला माणसे होती १५ आणि शेवटास पोहोचली १२. पंधरा माणसे आणि समोर १८० किलोमीटरचा रस्ता. कुणाला कुणाची पाठ दिसण्याचाच फारसा प्रश्न नव्हता. ‘ज्याने त्याने आपल्या पायावर’ ही बोली अशा मोकळ्या रस्त्यावर ठरली. आज तीच बोली हजार-दोन हजार माणसांच्या गर्दीला लावली जाते.

आता आमच्या पुतण्याच्या शर्यतीची गोष्ट. कुठल्या शहरातली, कुणी भरवलेली, ते सांगत नाही. हजाराच्या घरात स्पर्धक होते. त्यांना दहा मिनिटांत लागोपाठ पाण्यात सोडले. सायकलचा रस्ता अरुंद, एक बाजू वाहतुकीला ठेवलेली, आणि त्याच तुकड्यावर परत परत फेऱ्या. आम्ही एका वळणावर बाटल्या घेऊन उभे होतो. पहिले पन्नास-साठ जण सुटे सुटे गेले. त्यानंतर जे आले ते स्पर्धक नव्हते, मिरवणूक होती. पंचवीस-तीस सायकली एकमेकींच्या चाकाला चाक लावून, हसत, बोलत. आमचा पुतण्या त्यांच्या बऱ्याच मागे, एकटा, मान खाली घालून.

पहिल्या फेरीत तो त्यांच्या पुढे होता. एकेकाने त्याला ओलांडले. नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी तो मागे सरला. पण एकामागे बारा मीटर सोडले की त्या बारा मीटरमध्ये दुसरा शिरे, त्याच्यामागे तिसरा. पंचवीस जणांसाठी पंचवीस वेळा मागे सरायचे म्हणजे तीनशे मीटर झाले. मोटारसायकलवरचे पंच दोनदा शेजारून गेले. त्यांनी शिट्टी वाजवली, घोळका क्षणभर पांगला, पंच पुढे गेले की पुन्हा मिटला. तिसांना कार्ड देणार कुणाला?

वयोगटातल्या पहिल्या तिघांना पुढच्या मोठ्या शर्यतीत जागा होती. आमचा पुतण्या चौथा आला. तिसऱ्यापेक्षा एक मिनिट चाळीस सेकंद मागे. तिसरा त्या घोळक्यातला होता. वर्षभराच्या पहाटा आणि घरातून मागून घेतलेले पैसे त्या शंभर सेकंदांत गेले. परतीच्या गाडीत बरोबरच्या पोरांपैकी एकाने विचारले, “सगळेच चिकटले होते, तर तू एकटा का नाही चिकटलास?” तो काही बोलला नाही. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत डब्यात कुणीच बोलले नाही.

घरी अब्बांना सारे सांगितले. ऐंशीच्या घरातले अब्बा आता सायकल चालवत नाहीत, पण सायकलीची गोष्ट लक्ष देऊन ऐकतात. आम्हाला वाटले ते घोळक्यातल्या पोरांना वाघीण म्हणतील. त्यांनी विचारले, “रस्ता कितना चौडा था? आणि माणसं किती सोडली?” आम्ही सांगितले. ते म्हणाले, “संच दोनशे दहाचा. त्याच्यावर तीनशेचा भार टाका, तो ट्रिप होणारच. मग ऑपरेटरला शिव्या देऊन काय उपयोग?”

त्या रात्री पुतण्या कागद घेऊन बसला आणि आम्ही त्याच्या शेजारी. हिशेब सोपा होता. हजार माणसे साधारण अर्ध्या तासात पाण्याबाहेर येतात असे धरा. तासी ३० च्या वेगाने पहिला माणूस तेवढ्यात १५ किलोमीटर पुढे गेलेला असेल. म्हणजे हजार माणसे १५ किलोमीटरवर. माणशी १५ मीटर. नियमाला हवेत १२. तेही सगळे मोजून सारख्या अंतरावर असतील तर. पण पाण्यातून माणसे सारख्या अंतराने निघत नाहीत, मधली मंडळी थव्याने निघतात. आता ओलांडण्याचे पाहा. बारा मीटर २५ सेकंदांत कापायचे तर पुढच्यापेक्षा तासाला जवळजवळ पावणेदोन किलोमीटर जास्त वेग हवा. मधल्या थव्यातल्या माणसांच्या वेगात तेवढा फरकच नसतो. ओलांडताही येत नाही आणि मागे सरायलाही जागा नाही. पळवाट न शोधणारा माणूससुद्धा तिथे गुन्हेगार ठरतो, न ठरवता.

हा कागद पाहिल्यावर आमचे मत बदलले नाही, पण त्याला दुसरी बाजू आली. आपल्याकडे प्रामाणिकपणा म्हणजे माणसाच्या आतली वस्तू असे मानतात. नियत साफ असली की झाले. पण नियम पाळायलाही जागा लागते, ही गोष्ट आपण विसरतो. बाराशे रेशनकार्डांच्या दुकानात सहाशेंचे धान्य आणले की रांग मोडते आणि मग आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही. प्रवेशाचे पैसे हजार जणांकडून घेणाऱ्याने रस्ता आधी मोजायला हवा होता. प्रत्येकाच्या बारा मीटरचे पैसे त्याने घेतलेले असतात, आणि ते मीटर त्याच्याकडे नसतात. शिट्टी मात्र स्पर्धकावर वाजते.

तरीही घोळक्यातला प्रत्येक जण निर्दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही वळणावर उभे होतो, आम्ही पाहिले. काही जण अडकले होते. ते सारखे बाजूला व्हायला बघत होते, मागे वळून पाहत होते, एकदोघांनी तर ब्रेक लावून घोळका पुढे जाऊ दिला. आणि काही जण मुक्कामाला आले होते. मोकळा रस्ता मिळाला तरी ते सुटले नाहीत, वारा समोरून आला की आणखी चिकटले, आपली खेप एकदाही घेतली नाही. गर्दी दोघांची सारखीच होती. गर्दीने पहिल्यांचे चुकवले, दुसऱ्यांचे झाकले. पंचाच्या कार्डाला हा फरक कळणार नाही. ज्याचा त्याला कळतो.

हे सारे धोक्याचेही आहे. ट्रायथलॉनच्या सायकलवर हात पुढच्या दांड्यांवर टेकवलेले असतात, ब्रेक दूर असतो. चाकाला चाक लागले की एक पडतो आणि त्याच्यावर पाच पडतात.

उपाय नाहीत असे नाही. माणसे एकदम न सोडता काही सेकंदांच्या अंतराने दोन-दोन, चार-चार सोडतात. हजार माणसे तासभर पसरली तर त्याच हिशेबाने माणशी ३० मीटर रस्ता येतो. फेऱ्या कमी करून रस्ता लांब घेता येतो. न्यूझीलंडमध्ये तयार झालेले रेसरेंजर नावाचे यंत्र २०२३ पासून व्यावसायिकांच्या शर्यतींत दिसू लागले आहे. ते दोन सायकलींमधले अंतर मोजते आणि मागच्याला दिव्याने खूण करते. पण सगळ्यात साधा उपाय म्हणजे रस्त्यात मावतील तेवढीच माणसे घेणे. तो कुणाला आवडत नाही, कारण त्यात पैसे कमी येतात.

पुतण्याने तो हिशेबाचा कागद स्वच्छ लिहून आयोजकांना पाठवला. तक्रार नव्हे, शेवटी फक्त विचारले होते की पुढच्या वर्षी सुरुवात तासभर पसरवता येईल का. उत्तर आले नाही. तो आता शर्यत निवडताना पदकाचे चित्र पाहत नाही. रस्त्याची रुंदी, फेऱ्या आणि माणसे किती, ते आधी विचारतो. बरोबरच्या तिघांपैकी दोघे तसेच करतात. तिसऱ्याचे म्हणणे आहे की असा विचार करीत बसलात तर आयुष्यभर चौथेच याल. त्याचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे आम्हाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मात्र पहाटे सरावाला चौघे मिळून निघतात तेव्हा त्यांच्यात वेगळी बोली असते. वारा समोरून असला की एकामागे एक लागतात, पाच-पाच मिनिटांची खेप घेतात, दमलेल्याला मधे घेतात. आठवड्यातून एक दिवस ते सुटे सुटे निघतात, मधे भरपूर अंतर ठेवून, ज्याचा वारा त्याने झेलत. तेव्हा एकमेकांना हाकही मारत नाहीत. अब्बांना आम्ही सांगितले तेव्हा ते म्हणाले, “दोन्ही आलं पाहिजे. पण आज कोणतं, ते निघायच्या आधी ठरवायचं.”