कोवळ्या दुधीवरची लव

भाजी घेताना आई दुधी आधी उजेडाकडे धरायची. देठाजवळ बारीक पांढरी लव दिसली की नख रुतवून बघायचीही गरज नसे. "लव आहे, कोवळा आहे," म्हणत ती दुधी पिशवीत टाकायची. त्याच आईने माझ्या अकरावीच्या वर्षी मला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "अगंबाई, लव किती दिसते गं तुझ्या ओठावर." दुधीच्या वेळचा आनंद त्या आवाजात नव्हता.

त्याच सुमाराला माझ्या मावसभावाच्या ओठावरही काळपट रेघ उमटली होती. त्याला मिसरूड फुटलं म्हणून घरभर कौतुक, आजोबा येता-जाता त्याची पाठ थोपटत. माझ्या ओठावर जे फुटलं होतं त्याला तसा शब्दच नव्हता. ती नुसती 'दिसत' होती. जुने संस्कृत कवी तरी दिलदार म्हणायचे. नाभीपासून वर जाणाऱ्या बारीक केसांच्या रेषेला त्यांनी रोमावली असं देखणं नाव दिलं आणि तिला नायिकेच्या रूपवर्णनात मानाने बसवलं. आपल्याला आता फक्त रोमांच हवा असतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक चिमुकला स्नायू असतो, तो आखडला की केस ताठ उभा राहतो. थंडीने राहतो, भीतीने राहतो, तंबोरा जुळतानाही राहतो. पण काटा यावा आणि केस मात्र नसावा, अशी आपली मागणी.

ही मोहीम आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीतच सुरू होते. न्हाऊ घालणाऱ्या बाई तेल जिरवून झालं की कणकेचा मऊ गोळा बाळाच्या कपाळावरून, पाठीवरून फिरवतात आणि त्याला चिकटलेले केस आजीला पुराव्यासारखे दाखवतात. गर्भातून आलेली ती लव काही आठवड्यांत आपली आपण गळतेच. श्रेय मात्र गोळ्याला. माझ्या पाठीवरून म्हणे चांगला दीड महिना गोळा फिरला, "मुलीची जात" म्हणून. भावाचं चार दिवसांत आटोपलं.

आमच्या घरात वॅक्सिंग आलं ते धाकट्या मावशीबरोबर, १९८६च्या दिवाळीच्या सुट्टीत. तोवर कपाटात मागे दडवलेली केस काढायच्या क्रीमची एक ट्यूब असे. ती लावली की न्हाणीघरात असा दर्प सुटे की गुपित गुपित राहत नसे. केसातले गंधकाचे बंध तोडूनच ते क्रीम काम करतं, त्यामुळे वास यायचाच. मावशी डोंबिवलीहून नवी विद्या घेऊन आली होती. दुपारी पुरुषमंडळी आडवी झाली, तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पातेल्यात दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी घालून गॅसवर चढवलं.

आजी दारामागेच डाळ निवडत होती. "पाक कशाचा गं?"

"हातापायाला लावायचा."

आजीने सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता गदारोळ होणार. आजी म्हणाली, "रेशनची साखर आहे ती," आणि उठून पातेल्यात डोकावली.

मग जे झालं ते मी विसरूच शकत नाही. मावशी घड्याळ बघत होती. आजीने चमच्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून ताणला. "एकतारी आहे अजून. लाडवाला चालेल." थोड्या वेळाने दोन तारा आल्या. "थांब." साखरेचा रंग पांढऱ्यावरून पिवळट आणि पिवळ्यावरून मधासारखा होत गेला. आजीने वाटीतल्या गार पाण्यात थेंब सोडला, बोटाने गोळा केला. गोळी मऊ वळली, दाबल्यावर चपटी झाली, तुटली नाही. "आता उतरव. आणखी क्षणभर ठेवलंस तर चिक्की होईल." हे सगळं जेमतेम १२० अंश सेल्सियसच्या आसपास घडतं, हे मला फार पुढे कळलं. थर्मामीटर आमच्या घरात एकच होता, तोही तापाचा.

लिंबाचं कारणही आजीला ठाऊक होतं, तिच्या पद्धतीने: "पाक परत साखर होत नाही." आम्लामुळे साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि त्यांच्या गर्दीत साखरेला पुन्हा खडे धरता येत नाहीत. इजिप्तकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हाच साखर-लिंबाचा पाक हाताने मळून अंगाला लावत आल्या आहेत, आणि त्याचं एक नाव हलवाच आहे. आजीला हे सांगायचं राहून गेलं. तिला फार गंमत वाटली असती.

पट्ट्या आजोबांच्या विरलेल्या धोतराच्या. आधी हातावर टाल्कम पावडर, मग पाक केसांच्या वाढीच्या दिशेने पसरायचा, पट्टी दाबायची आणि उलट दिशेने एका झटक्यात ओढायची. पहिल्या पट्टीला मी किंचाळले. तोंडावर हात आजीचाच आला.

काळा राठ केस निघायला सोपा, हे बाहेरच्यांना पटत नाही. तो पकडीत येतो. लव दोन मिलिमीटरचीही नसते, पाकाला ती सापडतच नाही; सापडली तर मधेच तुटते आणि दोन दिवसांनी तिथे बारीक पुरळ उठतं. म्हणून थर पातळ हवा, एका वेळी चार बोटांएवढीच जागा घ्यावी, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी आणि पट्टी वर न उचलता अंगाला लगटून मागे ओढावी. पाक आधी मनगटाच्या आत टेकवून बघावा. माझ्या मावसबहिणीने घाईत तो थेट ओठावर लावला होता. लग्नाच्या फोटोंत ती सगळीकडे रुमाल धरून लाजते आहे.

"काढलेस तर दुप्पट येतील," हे आईचं भाकीत. ते खोटं असल्याचं मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८मध्येच मांडलं होतं; दाढी केल्याने केस ना जाड होतो ना भरभर वाढतो. वस्तऱ्याने कापलेलं टोक बोथट असतं, ते हाताला टोचतं, एवढंच. याच ट्रॉटरबाईंनी पुढे दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या हाडांवरून त्यांची ओळख पटवायचं काम केलं. केसापासून हाडापर्यंत एका बाईने माणूस वाचत जावा, याचं मला उगाच अप्रूप वाटतं.

आता माझी लेक हीटरवर तयार डबा वितळवते, कानात गाणी घालून एकटीच बसते आणि वीस मिनिटांत मोकळी होते. पाक बघायला कुणाला बोलवावं लागत नाही. मीही काही वर्षं केलं, मग कंटाळले. हातावरची लव आपणहून विरळ झाली. हनुवटीवर मात्र पन्नाशीनंतर एक-दोन राठ केस उगवू लागले. हा त्या वयाचा नेम.

आईला तर ऐंशी पार झाली. तिचे हात आता साईसारखे झालेत, एक केस नाही. पण बोटाने हनुवटी चाचपत ती परवा म्हणाली, "टोचतंय गं काहीतरी. मला दिसत नाही." मी चिमटा घेतला, तिला खिडकीपाशी बसवलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. दोन पांढरे ताठ केस होते, ते उपटले. उन्हात तिच्या गालभर बारीक, मऊ, पांढरी लव चमकत होती.

"निघाले सगळे?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि चिमटा मिटला.